टोपोशीटवरची भीमा

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटचा, म्हणजे गावं, नद्या, वाटा बारकाईनं दाखवणाऱ्या नकाशाचा, स्कॅन एका मित्रानं पाठवला. एका इंचाला एक मैल, भीमाकाठचा इंदापूर-भिगवणचा पट्टा. उजनीच्या जलाशयाचा पत्ताच नाही, कारण धरण पुरं झालं १९८० साली आणि शीट त्याआधीची.

पहिल्यांदा अर्थातच पळसदेव शोधलं. पाणी फार उतरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं आणि सेल्फीवाल्यांची जत्रा भरते, तेच. पण गुंतलो पायवाटांत. अलीकडच्या गावातून एक तुटक रेघ निघते, वाळूच्या ठिपक्यांत शिरते, पाण्याच्या बारीक निळ्या रेघेपाशी थांबते आणि पलीकडून तशीच पुढे एका गावात जाते. नदीच्या कडेनं बघत गेलं की गावं जोडीजोडीनं बसलेली दिसतात. भीमा म्हणजे पुणे-सोलापूर जिल्ह्यांची हद्द, हे आम्ही शाळेत पाठ केलेलं. माझ्या आईचं माहेर करमाळ्याकडचं, सासर इंदापूरकडचं. "उन्हाळ्यात घोट्याएवढं पाणी. लुगडं वर खोचलं की माहेर," ती म्हणते.

काठाशी बारीक आकडा आणि पुढे 'आर' असतो, म्हणजे दरडीची उंची, फुटांत. मोबाइलवर मोठा करून तिला दाखवला. "सहाच? भरली गाडी चढवताना बैलांना विचारायचं होतं."

ही शीटं काढली लष्करासाठी न् सरकारी कामासाठी. म्हणून विहिरी आहेत, देवळं आहेत, दरडी आहेत. नदीच्या वाळवंटातल्या टरबुजाच्या वाड्या नाहीत. त्या दर पावसाळ्यात वाहून जायच्या, त्यांना कोण मोजणार? सोयरिकी मात्र नकळत उतरल्यात, त्या पायवाटांच्या रूपानं.

धरण भरलं आणि नदी पायी ओलांडायचे उतार बुडाले. डिकसळचा ब्रिटिशांचा रेल्वे पूल तेवढा कामी आला: रूळ दुसरीकडे गेले आणि त्यावरून माणसं-वाहनं जाऊ लागली. बाकीच्यांना लांबचा वळसा, नाहीतर बोट. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीची बोट वादळात उलटली, सहा जण गेले. आईला ओळखीच्या घरांतून फोनवर फोन येत होते. त्या आठवड्यात मी शीट उघडलीच नाही.

आता शिरसोडी-कुगाव पूल मंजूर झालाय. आईला सांगितलं, तर म्हणाली, "बरंय. गुडघे गेल्यावर."