उतरलेले सेल

दुसरं गेट नेमकं मी पोचलो की पडतं. बेळगावच्या टिळकवाडीत राहणाऱ्या प्रत्येकाचा हाच समज आहे हे मला ठाऊक आहे, पण माझा खरा आहे. जुलैतली दुपार, साडेतीन वाजलेले, पाऊस धो-धो. लेकीला क्लासला सोडायचं होतं आणि समोर तांबडा-पांढरा दांडा सावकाश खाली आला. इंजिन बंद केलं. गाडीत ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचा ‘१३’ हा अल्बम लागलेला होता. मोबाइलमधून मान वर न काढता लेक म्हणाली, "पप्पा, स्पीड कमी झालाय बघा याचा. पाऊणवर गेलंय काय?"

ही पोरं लेक्चरं दीडपटीनं ऐकतात. आजीचा व्हॉइस मेसेजसुद्धा दुपटीनं. आजी बिचारी मारुतीच्या देवळातल्या कीर्तनाबद्दल सांगत असते आणि इकडे ती खारीसारखी चिवचिवते.

"नाही," मी म्हटलं, "ते असंच आहे."

"मुद्दाम?"

तेवढ्यात मालगाडी आली आणि मी उत्तरातून सुटलो.

१९८५ साल असेल. आम्ही वडगावात राहायचो. गल्लीत दिवसभर मागांचा खटखटाट. घरात काकांचा टू-इन-वन होता, सहा मोठे सेल लागायचे त्याला. असलं काही घरात लावायला काकूंची बंदी, म्हणून मी तो उचलून परड्यात न्यायचो, आणि परड्यात प्लग कुठला? सगळी मदार सेलवर. सेल उतरले की बाहेर काढून धुण्याच्या दगडावर उन्हात मांडायचे. का, ते विचारू नका, सगळेच मांडायचे. अर्धा तास तापवले की दहा मिनिटं चालायचे.

कॅम्पातल्या एका मित्रानं कॅसेट दिली होती. त्याचे मामा मडगावला, त्यांनी कुणाकडून तरी भरून घेतलेली. वर बॉलपेननं नुसतं ‘बी. एस.’ लिहिलेलं. ती एकदा काकांच्या हाती लागली. काका भजनी माणूस. "बी. एस. म्हणजे भीमसेन काय रे?" म्हणाले आणि माझ्या ‘नाही’ची वाट न बघता त्यांनी ती घालून बटण दाबलंसुद्धा.

पाऊस. लांब कुठंतरी घंटा. मग ते तीन सूर. सा, वरचा सा, आणि त्यानंतर तीव्र मध्यम, थरथरत, जागचा न हलता. त्यात सेल उतरलेले, त्यामुळे मुळातच संथ असलेली ती चाल आणखी संथ झालेली, आणि सूर खाली घसरलेला. गाणारा विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा. मी शिव्यांची वाट बघत उभा. काकांनी मिनिटभर डोळे मिटून ऐकलं.

"तीव्र मध्यम लावलाय मेल्यानं," ते म्हणाले. थोडं थांबून, "सेल उतरलेत तुझे."

पुढं कळलं, की युरोपात या अंतराला सैतानाचा सूर म्हणायचे. आपल्याकडे तीव्र मध्यम म्हणजे संध्याकाळ. मारवा, पूरिया, दिवेलागण, उगाच पोटात कालवाकालव. त्यांच्याकडे सैतान. ज्याची त्याची संध्याकाळ.

माझं मात्र कायमचं नुकसान झालं. हुबळीला इंजिनिअरिंगला गेलो, तिथं होस्टेलवर एकाच्या डेकवर तीच गाणी पहिल्यांदा खऱ्या लयीत ऐकली आणि वाटलं, ही माणसं एवढ्या घाईत का वाजवतायत? गाडी चुकतेय काय यांची? मित्रांना मी खुळा वाटलो. मला ते खोटे वाटले. माझा सॅबथ उतरलेल्या सेलवरचा होता. तो बाजारात मिळत नव्हता.

मिळाला तो थेट २०१३ मध्ये, याच ‘१३’वर. १९७८ नंतर ऑझी ऑझबॉर्न परत या बँडच्या स्टुडिओ अल्बमवर गायला, पस्तीस वर्षांनी. निर्माता रिक रुबिन. त्यानं साठी ओलांडलेल्या या माणसांना त्यांचाच १९७० चा पहिला अल्बम ऐकवला आणि याच वाटेनं परत जा म्हणाला. पहिलं गाणं आठ मिनिटं, दुसरं जवळजवळ नऊ. रिफ, म्हणजे गिटारवर परत परत येणारी सुरावट, एखाद्या म्हाताऱ्यानं जिना चढावा तशी, प्रत्येक पायरीवर कठड्याला धरून. नावं ठेवणारे म्हणाले, स्वतःचीच नक्कल करतायत. थोडी करतातच. एका ठिकाणी तर मलाही वाटलं की हे आपण यांच्याच एका जुन्या गाण्यात ऐकलंय, फक्त चष्मा लावलेला नव्हता तेव्हा. तरीही पहिल्या मिनिटात माझ्या अंगावर काटा आला. तोच वेग. परड्यातला.

खटकलं ते एकच. चौथा नव्हता. ढोलकऱ्याची जागा, म्हणजे ड्रम्सवरची, बिल वॉर्डची. पुन्हा एकत्र येण्याची घोषणा झाली तेव्हा होता, पुढं कराराचं काही जमलं नाही आणि त्यानं सही केली नाही. आपल्याला यात नवल काय? चार भावांपैकी तिघांच्या सह्या झाल्यात आणि चौथ्याच्या अंगठ्यावाचून उतारा अडलाय, असं एक तरी घर प्रत्येक गावात आहे. त्याच्या जागी ब्रॅड विल्क बसला. ठेका एकदम चोख. पण वॉर्ड वाजवताना मागं-पुढं डुलायचा, आणि ते डुलणं ठेक्यातही यायचं. चोख ठेक्यावर डुलता येत नाही, नुसती मान हलते.

मालगाडी संपत नव्हती. वाघिणी एकामागून एक, प्रत्येक जोडावर धड-धड. शेजारच्या स्कूटरवाल्यानं रेनकोटच्या आतून मोबाइल काढला आणि भिजेल म्हणून परत ठेवला. वाट बघण्याचं आम्हा सीमाभागातल्यांना तसं विशेष वाटत नाही. १९५६ पासून बघतोय. कोर्टातला दावासुद्धा २००४ पासून आहेच. विलंबित लय आम्हाला वेगळी शिकवावी लागत नाही.

सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्या बोटांची गोष्ट मला होस्टेलमध्येच कुणीतरी सांगितली. बर्मिंगहॅमचा पोरगा, सतरा वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आल्यावर म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, काम पूर्ण करून ये. गेला. त्या दिवशी दुसऱ्याच मशीनवर बसवलं होतं त्याला, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा असल्यामुळं तारांवर दाबायचा हात नेमका तोच. मग त्यानं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. तारा हलक्या लावल्या. पुढं त्या सैल सोडल्या, १९७१ च्या तिसऱ्या अल्बमात तर तीन अर्ध्या सुरांनी खाली, म्हणजे पेटीवर बघाल तर काळी एक. हे ऐकून मला हसूच आलं. काळी एक तर आमच्या अख्ख्या भजनी मंडळाची पट्टी!

हसू आलं आणि मग गेलं. कारण ती गोष्ट ऐकताना मला आमच्याकडची कारखान्यांची वसाहत, उद्यमबाग, दिसत होती.

काकाही पत्र्याच्याच कामाला होते. पॉवर प्रेसवर. मी चौथीत असताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली. प्रेसवाल्याचा अनुभव किती, ते त्याची बोटं मोजून कळतं, असं ते स्वतःच हसत सांगायचे. तक्रार कधी ऐकली नाही. पैसे मिळाले थोडे, त्यातून काकूंचं जोडवं सोडवलं आणि उरलेल्यातून टू-इन-वन आला. म्हणजे आयोमीची बोटं मी काकांच्या बोटांवर ऐकत होतो. होस्टेलच्या गच्चीवर हे लक्षात आलं तेव्हा कुणाला सांगितलं नाही. सांगून काय करणार.

इथं आमच्याकडचा कुणीतरी कुमार गंधर्वांच्या फुप्फुसाचा विषय काढणारच. त्यांचं जन्मगाव सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर. निकामी झालेलं फुप्फुस, तोकडा दम आणि त्यातून आलेली गायकी, बरोबर आहे, पण ते कुमार होते. काका काका होते. त्यांच्या बोटांतून काही नवी गायकी-बियकी आली नाही. ते मंडळात पेटी वाजवायचे, ती फक्त हळू झाली. उजव्या हातानं भाता आणि डाव्यानं सूर, असं उलटं बसून पाहिलं, जमेना. मग परत उजव्यानंच, उरलेल्या तीन बोटांनी. जलद जागा आली की बोट अडायचं. एखाददुसरा सूर गाळला जायचा. पखवाजवाल्या मामांनी पहिल्या एकादशीलाच हे हेरलं आणि कुणाला काही न बोलता लय निम्म्यावर आणली. टाळकरी चुळबुळले. एकादोघांनी वळून बघितलं. मामा आढ्याकडं बघत वाजवत राहिले. रात्री दहाला संपणारं भजन साडेअकराला संपायला लागलं आणि प्रसादाचा शिरा रोज गार मिळायला लागला, एवढंच मला त्या वयात समजलं.

आयोमीला ‘१३’च्या काळातच कॅन्सर निघाला होता. उपचारांच्या मधल्या दिवसांत रेकॉर्डिंग करायचा. २०२५ च्या ५ जुलैला ते चौघं बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर एकत्र वाजवायला आले. या वेळी वॉर्ड होता. ऑझी खुर्चीवर बसून गायला. सतरा दिवसांनी तो गेला.

शेवटची वाघीण गेली तरी गेट उघडलं नाही. म्हणजे दुसऱ्या बाजूनंही काहीतरी येत होतं. अल्बम शेवटाला आला होता. त्याच्या अखेरीस परत तोच पाऊस, तीच घंटा, पहिल्या अल्बमच्या सुरुवातीची. टपावरचा कुठला आणि स्पीकरमधला कुठला, कळेना. लेकीनं काच पुसली.

"सांगितलं नाही तुम्ही. मुद्दाम करतात काय असं हळू?"

काका जाऊन सहा वर्षं झाली. मामा त्याआधीच गेले. मागच्या कार्तिकीला वडगावला गेलो होतो, देवळात मंडळ बसलेलं. पेटीवर एक चोवीस-पंचवीसचा पोरगा, दहाही बोटं धडधाकट, मधूनच अशी सुरेख तान घेत होता की काकांनी मान डोलावली असती. आणि भजन तेवढंच संथ. घड्याळात बघितलं, सव्वाअकरा. बाहेर चपला घालताना मी त्याला विचारलं, एवढं हळू का म्हणता रे?

तो माझ्याकडं बघतच राहिला.

"आमच्यात असंच म्हणतात की," तो म्हणाला. "पहिल्यापासून."