मेण म्हणजे मेण नव्हे

एप्रिलात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेल्या माझ्या सहा जाड मेणबत्त्या संध्याकाळी बघते तर सगळ्या कमरेत वाकलेल्या. पावसाळ्यात खानापूरकडं लाइट गेली की रात्र रात्र येत नाही, म्हणून बेळगावातून मेण आणून माहेरी द्यायला केलेल्या. तीन इंच जाडीच्या, आणि उन्हाळाही निभेना.

चूक ओतण्यात असेल म्हणून मी आठवडाभर स्वतःलाच बोल लावला. स्टिअरिक अॅसिड, म्हणजे मेण कडक करणारी पूड, शेकडा 5 घातलं, थोडं सुधारलं. मग हावरेपणानं 20 घातलं, तर मेणबत्ती ताठ झाली पण टेबलावर ठेवताना कडेचा टवका उडाला. (स्टिअरिक घालायचं असेल तर तांब्याचं भांडं नको, आणि रबराचा साचाही नको, दोन्ही खराब होतात.)

शेवटी दुकानात विचारलं, हे मेण किती डिग्रीचं? "मेण म्हंजे मेण वो अक्का, त्यात काय डिग्री बघतासा?"

म्हणून मीच बघितली. मेण पातळ केलं, थेट गॅसवर नाही, पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून. पाकाचा थर्मामीटर सोडला आणि स्टुलावर बसले. आकडा भराभर उतरला, 52 वर आला आणि तिथंच चिकटला. कडेनं साय धरायला लागली तरी हलेना. तोच त्या मेणाचा गोठायचा आकडा. मऊ मेण दिलं होतं मला! जाड, उभ्या मेणबत्तीला 58-60 चं लागतं.

ते मागितलं तर "नाळे बर्री", म्हणजे उद्या या. तीन आठवडे तेच. एकदा गाडी आली नाही, एकदा पोतं फुटलं, एकदा मालक जेवायला गेलेले. रिक्षाचे पैसे मेणापेक्षा जास्त झाले.

मिळाल्यावर मात्र दोन खेपांत जमलं. 1 किलो मेण, 100 ग्रॅम स्टिअरिक, 50 ग्रॅम मधमाशांचं मेण, फडक्यातून गाळलेलं. मधमाशांचं जास्त घातलं तर साच्याला चिकटून बसतं. मिश्रण बदललं की वातही पुन्हा तपासा. माझी जुनी वात नव्या मेणात बुडून विझत होती, एका नंबरानं जाड घ्यावी लागली.

ओतायचं 80-85 डिग्रीला. वर साय धरली की वातीजवळ सुईनं भोकं पाडायची, नाहीतर आत पोकळी राहते. खड्डा पडला की थोडं जास्त गरम मेण भरायचं, पण आधीच्या पातळीच्या वर नाही. हो, आणि घाईनं फ्रीजमध्ये ठेवू नका. मी ठेवली होती, उभी चिरली.

या मे महिन्यात एक मुद्दाम पत्र्याखाली ठेवली. सरळ आहे.

परवा त्याच दुकानात एक बाई मेण मागत होत्या. "किती डिग्रीचं?" मीच मधे विचारलं. मालक माझ्याकडं बघून हसले नाहीत.