देव आपल्याला कंटाळत नाही का?

प्रार्थनेनंतर कुणी ना कुणी मला हळूच बाजूला घेऊन विचारतं, "तेच पाप, तीच कबुली. देव कंटाळत नसेल का हो?" तुम्हीही विचारलंत, म्हणून माझंच सांगते.

माझा राग वाईट आहे. घरच्यांना तोडून बोलते आणि मग रात्रभर जिवाला घोर. पूर्वी असं झालं की दोन-तीन दिवस प्रार्थनेलाच बसत नसे. आधी चार दिवस नीट वागायचं, मग देवाला तोंड दाखवायचं, असा माझा हिशेब. बसायची तेव्हाही काय बोलायचं ते आधी मनात जुळवून.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातली उधळ्या पुत्राची गोष्ट तोवर कितीदा ऐकली होती! एकदा वाचताना मात्र थबकले. बापाकडून घेतलेला वाटा उधळून, परमुलखात डुकरं चारताना उपाशी पडलेला तो मुलगा बापाशी काय बोलायचं ते ठरवतो: मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला एखाद्या मजुरासारखं ठेवा. तो अजून दूर असतानाच बाप धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो. मुलगा पापाचं बोलतो, लायकीचं बोलतो, पण मजुरीचं वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही. तोवर बापाने चाकरांना झगा, अंगठी, जोडा आणायला सांगितलेलंही असतं.

मी नेमकं तेच वाक्य घेऊन देवापुढे जात होते. राबून फेडीन, तोवर मला दारात उभं राहू द्या. त्याला मुलगी हवी होती आणि मी मजुरीचा दर ठरवत बसले होते.

म्हणजे देवाला आपल्या पापाचं काही वाटत नाही, असं मुळीच नाही. बायबलमधल्याच होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 11वा अध्याय वाचा. इस्राएलाला, म्हणजे आपल्या लोकांना, लेकरासारखं हाताला धरून चालायला शिकवल्याची आठवण देव तिथे काढतो. ज्याला शिकवलं तोच पाठ फिरवतो, याचं दुःख त्या ओळींत मावत नाही. शिक्षेची भाषाही आहे. तरी त्याला टाकून देववत नाही, आणि कारण तो स्वतःच सांगतो: मी देव आहे, माणूस नाही. मला वाटतं, आपली चूक इथेच होते. आपला धीर सुटतो, म्हणून त्याचाही सुटत असेल, असं आपण धरून चालतो. बायबलच्या 103व्या स्तोत्रात बापाच्या ममतेला लागूनच येतं की आपण माती आहोत, हे त्याच्या ध्यानात आहे. चालायला शिकणारं लेकरू पडलं, तर कुठला बाप चकित होतो?

राग अजून पुरता गेलेला नाही. पण आता घरच्यांची माफी त्याच दिवशी मागते. आणि त्याच रात्री प्रार्थनेला बसते, काही न जुळवता, नुसतं "बापा" म्हणून.