गोव्याचा समुद्र कार्बन शोषतो की सोडतो?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न बहुधा असाच येतो: "माणसानं हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा जवळजवळ चौथा हिस्सा समुद्र घेतो म्हणतात. मग पणजीच्या मिरामार किनाऱ्यासमोरचा समुद्र किती घेतो?"

उत्तर पुष्कळांना रुचत नाही. वर्षभराचा हिशेब मांडला तर अरबी समुद्र हा वायू हवेतून घेतो त्याहून जास्त हवेला देतो. चौथ्या हिश्श्याची गोष्ट खरीच आहे, पण ती जगातल्या सगळ्या समुद्रांची मिळून आहे आणि तिच्यातला मोठा वाटा उत्तर अटलांटिकचा व अंटार्क्टिकाभोवतालच्या थंड पाण्याचा आहे.

वायू कुठल्या दिशेनं जाणार हे एकाच गोष्टीवर ठरतं: त्याचा अंशदाब, म्हणजे त्या एकट्या वायूचा दाब, पाण्यात जास्त आहे की हवेत. समुद्रावरच्या दमट हवेत तो सध्या ४०० मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरच्या (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दहा लाखाव्या भागाला एक मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअर म्हणतात) थोडा वर असतो. पाण्यातला त्याहून जास्त भरला की वायू बाहेर पडतो, कमी भरला की आत जातो. वाऱ्याचा दिशेशी संबंध नाही, फक्त वेगाशी आहे. वारा दुप्पट झाला तर देवघेव साधारण चौपट होते. म्हणून जून ते सप्टेंबरमधला नैर्ऋत्येचा वारा आपल्याकडे एवढा महत्त्वाचा.

पाणी १ अंशानं तापलं की अंशदाब सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. गरम झालेल्या सोड्यातून वायू भराभर निघतो तसंच हे, पण साम्य तेवढ्यापुरतंच. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या कार्बनपैकी जेमतेम १ टक्का वायूच्या रूपात असतो. सुमारे ९० टक्के बायकार्बोनेट असतं आणि उरलेलं कार्बोनेट. आत शिरलेला वायू कार्बोनेटशी संयोग पावून बायकार्बोनेट होतो, म्हणून समुद्र एवढा कार्बन साठवू शकतो. आणि मर्यादाही इथेच आहे, कारण कार्बोनेट खर्च होत जातं. हवेतला वायू १० टक्क्यांनी वाढला तर वरच्या पाण्यातला एकूण कार्बन फक्त १ टक्क्याच्या आसपास वाढतो. हेच कार्बोनेट तिसऱ्यांना आणि कालवांना शिंपल्यासाठी लागतं, त्यामुळे ही आम्हाला नुसती आकडेमोड वाटत नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायू जवळजवळ नसलेलं पाणी आहे. वरून बुडणारं मेलेलं प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) जिवाणू तिथे कुजवतात. त्यात प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. पावसाळ्यात या थराच्या वरच्या भागातलं थंड पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. त्यातल्या पोषक द्रव्यांवर प्लवक जोमानं वाढतं, त्यावर मासळी पोसते. प्लवक कार्बनही ओढून घेतं, पण वर आलेला सगळा कार्बन त्याच्यानं संपत नाही.

गोव्यासमोर आणखी एक गंमत घडते. पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी हलकं असल्यानं काही मीटर जाडीचा थर होऊन वर पसरतं आणि वर सरकलेलं थंड पाणी त्याच्याखाली कोंडून राहतं. कांदोळीसमोर, किनाऱ्यापासून सुमारे १० किलोमीटरवर, दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं नमुने घेत आले आहेत. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाजवळचा प्राणवायू पार संपतो, कधी हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही सापडतो. म्हणून नुसता वरच्या पाण्याचा नमुना घेऊन पावसाळ्यातल्या समुद्राबद्दल बोलू नये.

"मग आपला समुद्र मदत करतच नाही का?" करतो. औद्योगिक युगाआधी हवेत दर दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता, आज ४२० हून अधिक आहे. हवा २८० वरच राहिली असती तर हाच समुद्र आजच्याहून जास्त वायू सोडत असता. सोडणं कमी झालं, तेवढा माणसाचा कार्बन त्याच्या खात्यात पडला. वायू उलट्या दिशेनं जाताना दिसत असूनही जमा होणारी ही रक्कम लोकांच्या लक्षात येत नाही.

शाळा-कॉलेजातली मुलं मिरामारला पीएचचं (पाण्याची आम्लता मोजायचं) पेन घेऊन जातात आणि त्यावरून अंशदाबाचा अंदाज बांधतात. उत्साह मोलाचा आहे, पण दोन अडचणी आहेत. मिरामार हे मांडवी नदीचं मुख आहे. पावसाळ्यात तिथे नदीनं आणलेला पालापाचोळा कुजत असतो आणि अंशदाब हवेच्या कितीतरी वर जातो. तो आकडा समुद्राचा नव्हे. दुसरं म्हणजे गोड्या पाण्याच्या बफरवर (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणावर) जुळवलेलं पेन खाऱ्या पाण्यात सहज ०.१ नं चुकतं. तेवढी चूक अंशदाबात शंभर मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरची होते आणि हवा-पाण्यातला खरा फरक कित्येकदा त्याहून कमी असतो. उत्तराची दिशाच फिरते.

नीट मोजायचं तर एकूण विरघळलेला कार्बन आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) ही जोडी घ्यावी, तिच्यावरून अंशदाब काढता येतो. झाकण घट्ट बसणारी काचेची बाटली, नळी तळापर्यंत, बुडबुडा येऊ न देता पाणी भरावं आणि बाटलीभर पाणी वरून वाहू द्यावं. मग काचेच्या पिपेटनं किंचित पाणी काढून वर सुमारे १ टक्का जागा ठेवावी, नाहीतर पाणी तापून प्रसरण पावलं की झाकण उचकटतं. जिवाणूंनी वाटेत कार्बन वाढवू नये म्हणून अर्ध्या लिटरला ०.१ मिलिलिटर मर्क्युरिक क्लोराइडचं संपृक्त द्रावण घालतात. हे जहाल विष आहे. ते प्रयोगशाळेतल्या जाणत्या माणसानंच घालावं आणि मोजणीनंतरचं पाणी मोरीत किंवा समुद्रात ओतू नये. तापमान आणि क्षारता (पाण्यातलं मिठाचं प्रमाण) नमुना घेतानाच नोंदवावी. ती राहिली, तर पुढे कितीही चांगलं यंत्र वापरलं तरी अंशदाब काढता येत नाही.