करार ऑगस्टला संपतो, रजा नोव्हेंबरपर्यंत

2024 च्या उन्हाळ्यात, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात काम करत असताना, गुणवत्ता तपासणी करणाऱ्या एका मुलीचा प्रसूती रजेचा अर्ज माझ्या टेबलावर आला. त्यावर तिच्या विभागप्रमुखांचा शेरा होता : ‘नोकरीस वर्ष पूर्ण नाही. करार ऑगस्टअखेर संपतो. रजा देय नाही.’ ती ऑक्टोबरमध्ये अकरा महिन्यांच्या करारावर लागली होती आणि डॉक्टरांनी तिला जुलैअखेरची तारीख दिली होती.

वर्षाची अट आमच्या नियमावलीत खरोखरच छापलेली होती. कायद्यात मात्र ती कुठेच नव्हती. त्या वेळी लागू असलेल्या 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यानुसार प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेले असले की पुरे होते, आणि त्याच्या कलम 27 मुळे कायद्यापेक्षा कमी देणारा कोणताही करार वा नियम टिकत नव्हता. हजेरीपट काढला, तर 80 चा आकडा तिने हिवाळ्यातच ओलांडलेला दिसला. पगार 21,000 रुपयांच्या वर असल्याने ती ईएसआयमध्ये, म्हणजे असा लाभ स्वतः देणाऱ्या कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, नव्हती; त्यामुळे सगळी रक्कम कंपनीलाच द्यावी लागणार होती. विरोधाचे खरे कारण हेच असावे, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

कराराचा मुद्दा अधिक अवघड होता. पहिलेच बाळंतपण असल्याने 2017 च्या दुरुस्तीप्रमाणे तिला 26 आठवडे मिळणार होते. जूनच्या सुरुवातीपासून मोजले, तर रजा नोव्हेंबरअखेरपर्यंत जात होती. ‘जी आपल्याकडे कामालाच नसेल, तिला तीन महिने पगार कशाचा द्यायचा?’ असे मालकांनी विचारले. दिल्लीतील एका रुग्णालयात करारावर काम करणाऱ्या डॉ. कविता यादव यांच्या खटल्यात नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता. करार संपायला अकरा दिवस उरले असताना त्या रजेवर गेल्या आणि रुग्णालयाने तेवढेच दिवस मान्य केले. परंतु पात्रता एकदा सिद्ध झाल्यावर कराराची मुदत संपली तरी लाभ पूर्ण द्यावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये ठरवले. त्या निकालाची प्रत मी टिपणीला जोडली. मालकांनी ती आपल्या वकिलांना दाखवली आणि चार दिवसांनी सही केली, अर्थात कुरकुरतच. त्यांची कुरकुर मला सर्वस्वी खोटी वाटत नाही, कारण हा खर्च एकट्या मालकावर टाकला की छोटे कारखानदार मुलींना कामावर घेतानाच हात आखडतात.

प्रसूतीपूर्व काळाची रक्कम आगाऊ द्यायची असल्याने आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी रोजंदारीवरून, ओव्हरटाइम वगळून, मी हिशेब मांडला. उरलेली रक्कम प्रसूतीचा पुरावा मिळाल्यापासून 48 तासांत द्यायची होती. कागदांवर सही करताना तिने विचारले, ‘सर, ह्यांना किती दिवस सुट्टी मिळेल?’ तिचा नवरा शेजारच्याच वर्कशॉपमध्ये होता. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पितृत्व रजेचे पंधरा दिवस मिळतात, खासगी नोकरीतल्या बापाला मात्र कायद्याने एकही दिवस मिळत नाही, असे मी तिला सांगितले. त्याच्या शिल्लक रजा किती आहेत, ते विचारून ये, एवढेच मला सुचवता आले.