चादरींचे फोटो अपलोड होईनात: माझा अनुभव

सोलापुरात कुणालाही सांगा की फोटो अपलोड होत नाहीयेत, पहिलं उत्तर ठरलेलं, "नेट गंडलंय बे तुझं." मला चुलतभावानं तेच सांगितलं, शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं तेच सांगितलं, आणि काकांनी तर स्क्रीनकडं न बघताच सांगितलं. आता त्याच नेटवर दुकानात दिवसभर रील्स चालू असायच्या, एकदाही अडकायच्या नाहीत, पण ते कुणी लक्षातच घेत नव्हतं. प्रत्यक्षात चार-पाच वेगवेगळ्या भानगडी एकमेकीत गुंतल्या होत्या आणि नेटचा त्यात काडीचा संबंध नव्हता. कुणाला उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, जरा लांबेल.

काकांचं चाटी गल्लीत चादर-टॉवेलचं दुकान, माल अक्कलकोट रोड एमआयडीसीतनं येतो, हिशेब आणि ऑनलाइनचं मी बघते. एका विक्रीच्या पोर्टलवर सगळा माल चढवायचा होता, जकार्डच्या चादरी, टेरी टॉवेल, नॅपकिन सगळंच. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल दोन्हीला जीआय, म्हणजे त्या गावच्या मालाची सरकारी ओळख, आहे, पण नक्कल माल पण ढिगानं मिळतो, त्यामुळं काकांचं म्हणणं, वीण स्पष्ट दिसेल असे फोटो पाहिजेत, गिऱ्हाईक मुंबई-दिल्लीत बसून हात लावून थोडंच बघणार आहे. ते बरोबरच होतं. मग बरेचसे फोटो कॅमेऱ्यावर रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत, काढले, काही काकांच्या आयफोनवरचे होते, आणि काही जुने फोटो बॉक्स छापणाऱ्या प्रिंटरकडनं आलेले. कॅमेऱ्याचे फोटो एका एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये घेऊन, उजेड-बिजेड नीट करून, जेपीजी एक्स्पोर्ट करायचे आणि पोर्टलवर टाकायचे, एवढंच काम.

झालं काय, तर एक्स्पोर्ट सुरू व्हायचा आणि शेवटी यादी यायची की या या फाइल लिहिता आल्या नाहीत. जुने एक्स्पोर्ट केलेले होते ते पोर्टलवर टाकले तर शंभर टक्के अपलोड होऊन मग "इमेज प्रोसेस होऊ शकली नाही" असं यायचं. आणि जे चढले त्यांचा रंग उतरलेला. तिन्ही गोष्टी एकदम, त्यामुळं डोकं चालेना. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बघितला, ब्राउझर बदलून बघितला, कॅशे साफ केली, जे सगळे सांगतात ते सगळं झालं, फरक शून्य.

मग सगळे फोटो बाजूला ठेवले आणि एकच घेतला, मोराच्या डिझाइनच्या चादरीचा. हा एक फोटो कॅमेऱ्यापासून पोर्टलपर्यंत नेमका कुठं अडकतो तेवढंच बघायचं ठरवलं. खरं सांगू, शंभर फोटोंचा ढीग घेऊन बसलं की काहीच कळत नाही, कारण प्रत्येकाचा आजार वेगळा असू शकतो आणि एरर मात्र सगळ्यांना सारखीच येते.

एक्स्पोर्ट होत होता पिक्चर्स फोल्डरमध्ये. तोच फोटो डी ड्राइव्हवर नवीन फोल्डर करून तिकडं एक्स्पोर्ट केला तर झटक्यात झाला. म्हणजे सॉफ्टवेअर ठीक, फोटो ठीक, त्या फोल्डरमध्येच लिहू देत नाहीये कुणीतरी. डिस्क फुल आहे का बघितलं, नव्हती. शेवटी विंडोज सिक्युरिटी उघडून प्रोटेक्शन हिस्ट्री बघितली, तिथं आमच्या सॉफ्टवेअरच्या नावासकट ब्लॉक केल्याच्या नोंदी ओळीनं. मागं एकदा व्हायरस आला होता तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस नावाचं सेटिंग चालू करून ठेवलं होतं. ते चालू असलं की विंडोजला भरवशाचा न वाटणारा प्रोग्राम डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज असल्या फोल्डरमध्ये काही लिहू शकत नाही, खंडणीवाल्या व्हायरसनं फाइली कुलूपबंद करू नयेत म्हणून. चांगली गोष्ट आहे हो, आमची सगळी बिलं डॉक्युमेंट्समध्येच असतात. म्हणून ते बंद नाही केलं, चुलतभाऊ म्हणत होता "बंद करून टाक की", पण तिथंच व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये रॅन्समवेअर प्रोटेक्शनच्या आत एखाद्या अ‍ॅपला परवानगी द्यायची सोय असते, तिथं फक्त आमचं सॉफ्टवेअर टाकलं. वैताग एवढाच, की सॉफ्टवेअर कारण काही सांगत नाही, नुसतं "लिहिता आलं नाही" म्हणतं.

तरी काही फोटो राहिलेच. त्यांच्या कोपऱ्यात बारीक उद्गारचिन्ह होतं, फोटो स्क्रीनवर मात्र झकास दिसत होता. इथं लै जण फसतात. दिसतो तो प्रिव्ह्यू, खरी रॉ फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क आधी ई ड्राइव्ह म्हणून लागायची, मध्ये पेनड्राइव्ह लावल्यामुळं आता एफ झाली, आणि सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे कुठला फोटो कुठं आहे त्या यादीत, पत्ता ईचाच. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षर परत ई केलं आणि उद्गारचिन्हं गेली. सॉफ्टवेअरमधनं एकेक फाइल शोधून जोडता पण येते पण अक्षर बदलणं सोपं.

आता अपलोड. मोराची चादर गेली व्यवस्थित, पण आयफोनचे फोटो जाईनात. चुलतभावानं कधीतरी त्यांचं नाव बदलून शेवटी डॉट जेपीजी केलं होतं, त्यामुळं वरून बघितलं तर सगळं बरोबर. आयफोनमध्ये २०१७ ला आयओएस ११ आल्यापासून नवीन मॉडेलवर फोटो मुळात एचईआयसी प्रकारात सेव्ह होतात, आणि नुसतं नाव बदलून आतला माल बदलत नाही. पोर्टल फाइल उघडून बघतं आणि आत भलतंच निघालं की नाकारतं. इरफानव्ह्यू किंवा एक्सएनकन्व्हर्ट असल्या, घरगुती वापराला फुकट असलेल्या प्रोग्राममधनं खरोखरचं रूपांतर करून घ्यायचं. आणि पुढच्यासाठी आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, तिथं मोस्ट कंपॅटिबल करून ठेवलं. काकांना आधी पटेना, "फोटो खराब येतील का गं?" म्हणाले. नाही येत, फक्त जागा जास्त खातात.

बॉक्स छापणाऱ्याकडचे फोटो अजून वेगळे. ते जेपीजीच, नाव पण जेपीजी, पण छपाईसाठी असल्यामुळं सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशेबात. स्क्रीनसाठी आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा, लागतं. त्यातले काही पोर्टलनं घेतलेच नाहीत आणि जे घेतले त्यातला हिरवा टॉवेल असा काही चमकत होता की काका म्हणाले हा आपला नाहीच. आरजीबी करून परत टाकले.

फाइलच्या नावांचा घोळ तर विचारूच नका. पोर्टलवर एक्सेल शीट भरून एकदम माल चढवता येतो, त्यात प्रत्येक वस्तूपुढं फोटोच्या फाइलचं नाव लिहायचं. आमच्या फायलींची नावं म्हणजे "मोर चादर #२ लाल & पांढरी" असली, देवनागरीत, मध्ये स्पेस, हॅश, अँडचं चिन्ह. वेब पत्त्यात हॅशच्या पुढचा भाग सर्व्हरकडं जातच नाही, अँडच्या चिन्हाला पण वेगळा अर्थ असतो, त्यामुळं शीट वाचताना अर्धं नाव गायब. शिवाय कॅमेऱ्याच्या फाइलीत शेवटचं जेपीजी कॅपिटल अक्षरात आणि शीटमध्ये स्मॉल, विंडोजला दोन्ही एकच पण लिनक्सच्या सर्व्हरला त्या दोन वेगळ्या फाइली. विंडोज ते शेवटचं एक्स्टेन्शन मुळात लपवून ठेवतं, म्हणून फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करून घ्या, निम्मी कोडी तिथंच सुटतात. आता आमची नावं इंग्रजी स्मॉल अक्षरं, आकडे आणि मध्ये डॅश, बाकी काही नाही. दिसायला रुक्ष आहेत पण चालतात.

रंगाचं मात्र मला सगळ्यात जास्त लागलं. मरून चादर, आमची सगळ्यात चालणारी, पोर्टलवर विटकरी दिसत होती. माझ्या स्क्रीनवर मरून, पोर्टलवर विटकरी. गिऱ्हाइकानं विटकरी बघून मागवली आणि घरी मरून गेली की माल परत, भाडं आपल्या अंगावर. कारण एक्स्पोर्टच्या सेटिंगमध्ये निघालं. ओळखीच्या स्टुडिओवाल्या दादानं त्याचं लग्नाच्या अल्बमचं प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, आम्हाला दिलं होतं, त्यात कलर स्पेस, म्हणजे रंगांचे आकडे कुठल्या मापानं वाचायचे ते, अ‍ॅडोबी आरजीबी होती. छापायला ती चांगली, १९९८ सालची आहे, तिच्यात रंगांचा पल्ला मोठा. पण पोर्टल फोटो बारीक करताना त्यातलं प्रोफाइल, म्हणजे कलर स्पेस कुठली ते सांगणारी चिठ्ठी, काढून टाकतं, मग ब्राउझर ते आकडे एसआरजीबीचे, म्हणजे वेबच्या नेहमीच्या कलर स्पेसचे, समजून दाखवतो आणि रंग फिके पडतात, लाल तर पहिला पडतो. एक्स्पोर्टमध्ये एसआरजीबी केलं, विषय संपला. वेबवर टाकायचं असेल तर डोळे झाकून एसआरजीबी, यात कुणाशी वाद घालू नका. पोर्टलवाल्यांना मी मेल केला होता, त्यांचं उत्तर आलं की इंटरनेट तपासा.

मध्ये एका घाऊक घेणाऱ्यानं "३०० डीपीआयचे फोटो पाठवा" म्हणून काकांच्या मागं लकडा लावला. तीन हजार पिक्सेलचा फोटो ७२ म्हणा नाहीतर ३०० म्हणा, तीन हजार पिक्सेलच राहतो, डीपीआयचा आकडा फक्त छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे त्याचा, ३०० नं छापला तर दहा इंच. आकडा बदलून तीच फाइल पाठवली, त्यांना आवडली. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना मात्र डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, फोटो म्हणून पाठवली की ती दाबून लहान होते.

सगळ्यात शेवटी उरला तो बारीक चौकड्याचा निळा-पांढरा टॉवेल. फोटो चढला, रंग बरोबर, पण पोर्टलवर त्याच्यावर लाटा दिसायला लागल्या, आडव्यातिडव्या, कुठं कुठं इंद्रधनुष्यासारखे रंग. याला मोआरे म्हणतात. कापडाची बारीक वीण आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची किंवा स्क्रीनची पिक्सेलची जाळी एकमेकींवर पडली की असं होतं, त्यामुळं कापडाचे फोटो काढणाऱ्यांना हे कायमचं. आधी फोटो १०० टक्के झूम करून बघायचा. तिथंही लाटा असतील तर त्या काढतानाच आल्यात, नसतील तर फोटो बारीक करताना आल्यात. काही चादरींवर पण लाटा होत्या, त्यांच्या बाबतीत दुसरा प्रकार होता, म्हणून पोर्टलवर बारीक करायचं कामच ठेवलं नाही, लागते त्याच मापात आधीच एक्स्पोर्ट केला आणि एक्स्पोर्टमधलं शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणं, बंद केलं, बऱ्याच कमी झाल्या. या टॉवेलच्या लाटा मात्र मूळ फोटोतच होत्या. मग परत काढला, कॅमेरा थोडा मागं घेऊन, टॉवेल जरासा तिरका ठेवून, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ सोळाइतकं बारीक करून, त्यानं वीण किंचित मऊ होते. लाटा गेल्या. आता काका म्हणतायत या फोटोत टॉवेल लहान दिसतोय, जवळून काढ.