अबिकोंची कागदपत्रं: यूसीएलएच्या वाचनकक्षात

लॉस एंजेलिसला उतरून बहुतेक लोक हॉलीवूड गाठतात. मी गाठलं वेस्टवुड. तिथे यूसीएलएच्या, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेच्या, चार्ल्स यंग ग्रंथालयात जपानी स्थलांतरितांच्या कागदांचा मोठा संग्रह आहे. त्यातच क्यूतारो अबिको (१८६५–१९३६) यांच्या कुटुंबाची कागदपत्रं आहेत. सॅन फ्रान्सिस्कोचं 'निचिबेई शिम्बुन' हे दैनिक यांचंच, कॅलिफोर्नियातल्याच लिव्हिंग्स्टनजवळची यामातो शेतकरी वसाहतही यांचीच.

पेट्या आधीच ऑनलाइन मागवून ठेवा, आयत्या वेळी मिळतीलच असं नाही. पिशवी, पेन बाहेर. आत फक्त पेन्सिल. एका वेळी एकच फोल्डर उघडायचा. फ्लॅश न वापरता फोटो काढता येतात, पण प्रत्येक फोल्डरचा पहिला फोटो पेटी-क्रमांकाच्या चिठ्ठीचा हवा. नाहीतर घरी आल्यावर कुठलं पत्र कुठलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

खरी अडचण वाचनाची. युद्धापूर्वीची जपानी पत्रं बरेचदा वळणदार, धावत्या अक्षरात असतात आणि पत्रलेखनाची भाषाही जुनी. नागरी येणाऱ्याला मोडी येतेच असं नाही, तसंच आजच्या जपानी माणसाचं या पत्रांपुढे होतं. म्हणून सोबत नुसता जपानी दुभाषा नको, जुनं हस्ताक्षर लावणारा हवा. छापील वर्तमानपत्र त्यामानाने सोपं; स्थलांतरितांची जपानी वृत्तपत्रं स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या हूव्हर संस्थेने ऑनलाइन मोफत ठेवली आहेत, ती जाण्याआधी चाळून घ्यावीत.

तारखा सम्राटांच्या कारकिर्दीत मोजलेल्या असतात. इसवी सन काढायला मेईजी वर्षात १८६७, ताइशोत १९११, शोवात १९२५ मिळवा. मेईजी ४५ आणि ताइशो १ ही दोन्ही १९१२च. शोवाचं पहिलं वर्ष तर २५ डिसेंबर १९२६ला सुरू होऊन आठवड्यात संपलं. काही पत्रांवर नुसता महिना आणि दिवस असतो. तिथे पाकिटावरचा टपालाचा शिक्का कामाला येतो, म्हणून पत्र आणि पाकीट यांची ताटातूट होऊ देऊ नका.

जमिनीचे कागद बघताना कायदा डोक्यात हवा. अमेरिकेचं नागरिकत्व मिळूच न शकणाऱ्या परदेशी माणसाला (जपानी स्थलांतरित त्यातच आले) कॅलिफोर्नियात शेतजमीन घ्यायला १९१३ मध्ये बंदी आली, भाडेपट्टाही फार तर तीन वर्षांचा. १९२० मध्ये तोही गेला. त्यामुळे अनेक कुटुंबांनी जमीन अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावावर केली. बापाच्या नावाने शोधलं तर हाती काही लागत नाही. काउंटीच्या नोंदणी कार्यालयात मुलांची नावं घेऊन जा.